वतन, पेन्शन आणि खाते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एक ठरलेले काम असते. आईला बँकेत न्यायचे आणि ती हयात आहे हे सिद्ध करायचे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि ते पुढे चालू राहावे म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आई दरवर्षी तेच म्हणते, ‘जिवंत आहे हे सांगायला जिवंत माणसालाच जावं लागतं, मग कागद कशाला?’ बँकेतले साहेब हसतात, अंगठ्याचा ठसा घेतात आणि आम्ही परत वडगाव रासाईची वाट धरतो.

तिला बँकेत नेतो तो माझा पुतण्या. तोही शिक्षकच. २००७ साली शिक्षणसेवक म्हणून लागला, तीन वर्षे ठोक मानधनावर काढली आणि मग कायम झाला. खाते तेच, खडू तोच, पट मांडायची रीतही तीच. पण आजोबांना जी पेन्शन मिळाली, तिच्या यादीत नातवाचे नाव नाही. ते दार तो नोकरीला लागण्याआधीच बंद झाले होते. एकाच घरात, एकाच व्यवसायात, दोन पिढ्यांना दोन न्याय कसे? सरकार एखादी निवृत्तिवेतन योजना जुन्यांना चालू ठेवते आणि नव्यांना बंद करते, ते का? आज याच प्रश्नाची गोष्ट सांगायची आहे. आणि ती सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आमचे घराणे मुलाण्याचे. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, कुंभार तसा मुलाणी. गावच्या बलुतेदारांच्या याद्या गावागणिक थोड्या बदलतात, पण पुष्कळ याद्यांत मुलाणी असतोच. बकरे हलाल करायचे, मशिदीची दिवाबत्ती पाहायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायचा. काही ठिकाणी थोडी इनाम जमीनही असे. या व्यवस्थेत निवृत्ती हा शब्दच नव्हता. म्हातारा थकला की मुलगा उभा राही, वाटा मात्र घराचा असे. पेन्शन माणसाला मिळते; वतन घराला मिळत असे. म्हणून वतनात नवा सभासद घेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. जन्म हाच प्रवेश.

याला नुसते सुख म्हणून आठवणे बरोबर नाही. वतन आधार होते, तशी बेडीही होती. महार वतनाबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते याच कारणाने. चोवीस तासांची राबणूक, मोबदला तुटपुंजा, आणि तोही गावाच्या मर्जीवर. पोटाला दिलेले वचन माणसाला जागेवर बांधूनही ठेवू शकते, हे विसरायचे नाही.

लढाईवर जाणाऱ्यांसाठी मराठी राज्यात आणखी एक सोय होती. तिचे नाव बालपरवेशी. शिपाई रणात पडला की त्याच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी नेमणूक किंवा जमीन दिली जाई. ‘परवरिश’ या फारसी शब्दाचे हे मराठी रूप. आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची ती आजीच म्हणा. मात्र ती राज्यकर्त्याची कृपा होती. दिली तर दिली, काढली तर काढली. दाद मागायला जागा नव्हती.

आता आमच्या भीमेच्या वरच्या अंगाला चला. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ रोजी झाली. त्यानंतर पाच महिन्यांनी, जूनमध्ये, दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. अट ठरली ती अशी : पेशव्याने गादी सोडायची, दक्षिण सोडायची, गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहायचे आणि त्याबदल्यात कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये द्यायचे. महाराष्ट्राच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली पेन्शन. माल्कमने फार उदारपणा केला, असे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचे मत पडले होते. बाजीराव त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. ते जगले १८५१ च्या जानेवारीपर्यंत. म्हणजे जवळजवळ तेहेतीस वर्षे पेन्शन खाल्ली. गुणाकार करून पाहा, रक्कम अडीच कोटींच्या वर जाते.

पेन्शन देणाऱ्याची खरी अडचण इथे दिसते. पगार किती वर्षे द्यायचा हे ठाऊक असते. पेन्शन किती वर्षे द्यायची हे अल्लालाच ठाऊक. वचन देताना आकडा दिसत नाही, तो फेडताना दिसतो.

बाजीराव गेले आणि दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती पेन्शन आपल्याला मिळावी म्हणून अर्ज केला. डलहौसीने नाकारला. पेन्शन व्यक्तीला होती, वारसाला नव्हती, असे उत्तर आले. नानासाहेबांनी आपली बाजू मांडायला लंडनला ज्यांना पाठवले, ते होते अझीमुल्ला खान. १८५३ साली ते निघाले. पेशव्याच्या पेन्शनसाठी विलायतेत खेटे घालणारा वकील मुसलमान होता, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. काम झाले नाही. हात हलवत ते परतले, आणि १८५७ मध्ये दोघेही कंपनीच्या विरोधात उभे राहिले. त्या बंडाची कारणे पुष्कळ होती, एका पेन्शनने ते झाले असे कोणी म्हणणार नाही. पण बंद केलेले दार मनात किती काळ वाजत राहते, हे त्यावरून समजते.

कंपनी गेली, राणीचे राज्य आले. १८७१ साली पेन्शनांचा कायदा झाला. तो आजही पुस्तकात आहे. त्याची दोन टोके पाहण्यासारखी आहेत. एकीकडे त्याने म्हटले की पेन्शनरच्या पेन्शनवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही. केवढा दिलासा! दुसरीकडे म्हटले की पेन्शनबद्दल दिवाणी न्यायालयात सरसकट दावा लावता येणार नाही. म्हणजे सावकारापासून संरक्षण, पण सरकारपासून नाही. मेहरबानीचाच तो कायदेशीर अवतार.

स्वातंत्र्यानंतर या जुन्या वचनांची मोजदाद झाली. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. गावाला उपयोगी अशा सेवा इनामांचा कायदा १९५३ चा. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तर महसुली पाटलांचे पद १९६२ च्या. वतनदाराला आकाराच्या पटीत रक्कम भरून जमीन आपल्या नावावर करून घेण्याची सोय मिळाली. ज्यांच्याकडे भरायला पैसे होते त्यांनी भरले. आमच्या आजोबांचे बलुते कायद्याने गेले नाही, ते आपोआप आटले. गाव रोखीने व्यवहार करू लागले आणि खळ्यावरचा वाटा कमी कमी होत गेला. आजोबांनी मुलाला शाळेत घातले. मुलगा व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झाला. वतन सुटले आणि पेन्शन लागली.

संस्थानिकांच्या तनख्यांची गोष्टही याच काळातली. कोल्हापूर, सांगली, औंध, आपल्या जिल्ह्यातले भोर, या सगळ्यांना विलीनीकरणाच्या वेळी तनखे कबूल झाले होते आणि ते वचन राज्यघटनेत लिहिले गेले होते. १९७० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढली, तेव्हा माधवराव शिंदे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. मग १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे थांबवण्यात आले. संस्थानिक मोजके होते आणि लोकमत त्यांच्या बाजूने नव्हते. म्हणून घटनेतले वचनसुद्धा मागे घेता आले.

म्हणजे तोवर वचन संपवण्याच्या तीन तऱ्हा झाल्या होत्या. एक, बाजीरावासारखी : घेणारा मेला की बंद. दुसरी, वतनासारखी : काही मोबदला घेऊन किंवा देऊन मोकळे करणे. तिसरी, तनख्यांसारखी : चालू असलेलेच तोडणे. मग सरकारी नोकरांच्या बाबतीत यांतली कोणतीच का वापरली नाही? चौथी, नवी तऱ्हा का काढावी लागली?

उत्तर न्यायालयात आहे. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही खैरात नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. वाद तारखेचाच होता. ३१ मार्च १९७९ ला किंवा नंतर निवृत्त झालेल्यांना वाढीव पेन्शन आणि आधीच्यांना जुनीच, असा भेद सरकारने केला होता. न्यायालयाने तो मोडीत काढला. पेन्शन हे आयुष्यभर केलेल्या सेवेचे मागाहून मिळणारे वेतन आहे, म्हातारपणी ताठ मानेने जगता यावे म्हणून आहे, असा त्या निकालाचा आशय. देशभरातले पेन्शनर १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात तो यामुळे.

अब्बांना हा निकाल फार आवडायचा. ‘मेहरबानीचा हक्क झाला,’ असे ते म्हणत. पण त्याचा दुसरा परिणाम त्यांच्या वेळी कोणाला दिसला नव्हता. जे वचन एकदा दिल्यावर मागे घेता येत नाही, ते देणाराच पुढे हात आखडता घेतो. आत असलेल्याला बाहेर काढता येत नाही म्हटल्यावर सरकारजवळ एकच ठिकाण उरते, ते म्हणजे उंबरठा. जो अजून आत आला नाही त्याला वचन दिलेले नाही. त्याची युनियन नाही, तो मोर्चा काढू शकत नाही, कारण तो अजून शाळेत किंवा कॉलेजात आहे. योजना नव्यांनाच का बंद होतात, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण पैशाचे. जुनी पेन्शन कशी चालते ते थोडक्यात सांगतो. कर्मचारी तिच्यासाठी पगारातून काही भरत नाही. भविष्य निर्वाह निधी असतो, तो त्याचा स्वतःचा. निवृत्तीच्या वेळच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी पेन्शन मिळते, वर महागाई भत्ता, आणि माणूस गेल्यावर पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतन. हा पैसा कुठे साठवलेला नसतो. ज्या वर्षीची पेन्शन, त्या वर्षीच्या करातून. घरातल्या कमावत्याने म्हाताऱ्यांना पोसावे तसे. कमावते जास्त आणि म्हातारे कमी असतील तर हे सुखाने चालते.

पण दोन गोष्टी बदलल्या. माणसे जास्त जगू लागली. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. यातली मोठी वाढ बालमृत्यू घटल्यामुळे झाली हे खरे, पण साठीनंतरची वर्षेही वाढली, आणि पेन्शनला तीच लागतात. दुसरे म्हणजे वेतन आयोग. प्रत्येक आयोगाबरोबर पगार वाढला तशी जुन्या निवृत्तांची पेन्शनही वाढली. अब्बांचा शेवटचा जो पगार होता, त्यापेक्षा आईचे आजचे कुटुंब निवृत्तिवेतन जास्त आहे. महागाई पाहता ते योग्यच आहे. पण तिजोरी सांभाळणाऱ्याच्या बाजूनेही एकदा विचार करा. १९६० साली एका मास्तराला नोकरी देताना, त्याच्या पत्नीला २०२० च्या पुढेही, तेव्हाच्या दराने पैसे द्यावे लागतील, हे कोणी हिशेबात धरले होते?

पाचव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १९९० च्या दशकाच्या शेवटी, केंद्र आणि राज्ये दोन्हींची ओढाताण सुरू झाली. बाहेरच्या देशांची उदाहरणे समोर होतीच. अमेरिकेने आपली १९२० सालची संघराज्य नोकरांची पेन्शन योजना १९८४ पासून नव्या नोकरांना बंद केली होती. चिलीने १९८१ मध्ये सगळा कारभार वैयक्तिक खात्यांवर नेला होता, सैन्याला तेवढे वगळून. ब्रिटननेही पुढे २००७ मध्ये मुलकी सेवेतील नव्यांना शेवटच्या पगारावरची पेन्शन थांबवली. आपल्याकडे तमिळनाडूने एप्रिल २००३ पासून दार लावले. केंद्राने २००३ च्या अर्थसंकल्पात घोषणा केली, २२ डिसेंबर २००३ ला अधिसूचना काढली आणि १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू केली. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना कर्जसवलत देताना वित्तीय शिस्तीच्या कायद्याची अट घातली, त्यामुळे राज्यांवरही खर्च आवरण्याचे दडपण आले. पश्चिम बंगालने मात्र दार उघडेच ठेवले.

महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ रोजी, आणि तो लागू झाला दुसऱ्या दिवसापासून. त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते, आणि त्याच आठवड्यात रमजान ईद. अख्खा महाराष्ट्र सणात होता. फराळाच्या ताटाशी आणि शीरखुर्म्याच्या वाटीशी बसलेल्या कितीजणांना कळले असेल की काल आणि आज यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली आहे? नव्या योजनेचे नाव परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कर्मचाऱ्याने भरायचे, तेवढेच सरकारने. पुढे २०१५ मध्ये ही योजना राष्ट्रीय पेन्शन योजनेत मिळवली. २०१९ पासून केंद्र सरकार आपल्या बाजूने चौदा टक्के भरू लागले. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतले साठ टक्के हातात घेता येतात, चाळीस टक्के विमा कंपनीत गुंतवून त्याचे दरमहा जे येईल ते घ्यायचे.

फरक कुठे पडला ते एका कल्पित हिशेबाने पाहू. साठ हजार मूळ वेतनावर निवृत्त होणाऱ्याला जुन्या पद्धतीत तीस हजार आणि वर महागाई भत्ता. नव्या पद्धतीत समजा त्याच्या खात्यात तीस लाख जमले. अठरा लाख हातात मिळाले. उरलेल्या बारा लाखांवर सहा टक्क्यांनी वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार. महागाई भत्ता नाही, पुढचा वेतन आयोग नाही. आणि उशिरा नोकरी लागल्याने खात्यात दहाच लाख जमले असतील तर महिन्याला दोन हजार. जुन्या योजनेत पेन्शन ठरलेली होती आणि खर्च अनिश्चित होता. नव्या योजनेत खर्च ठरलेला आहे आणि पेन्शन अनिश्चित. अनिश्चितता कुठे गेली नाही, ती मंत्रालयातून मास्तरच्या घरी राहायला आली.

आता एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. योजना बंद केली म्हणजे सरकारचे पैसे लगेच वाचतात असे नाही. आमच्याकडे सगळा ऊसपट्टा, म्हणून उसाचेच उदाहरण घेतो. नवी लागण थांबवली तरी उभ्या उसाला पाणी द्यावेच लागते. ऑक्टोबर २००५ मध्ये बावीस वर्षांचा जो तरुण नोकरीला लागला, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०४१ मध्ये निवृत्त होईल. ऐंशी वर्षे जगला तर २०६३ पर्यंत पेन्शन घेईल, आणि त्याच्यामागे त्याची पत्नी. तोवर जुन्यांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांच्या खात्यात दरमहा सरकारी हिस्साही भरायचा. म्हणजे पहिली काही दशके खर्च दुहेरी. फायदा दिसायचा तो पुढच्या पिढीतल्या अर्थमंत्र्याला. म्हणूनच हे धोरण टिकवणे राजकारणात कठीण जाते. आज त्रास, उद्या बचत. उलट जुनी पेन्शन परत आणली तर आज बचत आणि उद्या बोजा. सरकारी हिस्सा भरणे तेवढे थांबते, पेन्शन मात्र वीसपंचवीस वर्षांनी द्यायची असते. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश अशा राज्यांनी परतीची घोषणा केली, तिच्यामागे कर्मचाऱ्यांचा रोष होता तसे हे गणितही होते.

महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ पासून संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तेव्हा खेड्यापाड्यात पोचली. २० मार्चला संप मिटला. आमच्या गावात त्या आठवड्यात पारावर दोन बाजू पडल्या होत्या. एक संपावरचा मास्तर म्हणाला, ‘माजी आमदारांची पेन्शन चालू आहे, आमचीच कशी जड झाली?’ त्यावर पलीकडे बसलेला एक ऊसतोड मजूर शांतपणे म्हणाला, ‘गुरुजी, तुम्हाला जुनी हवी की नवी, हा वाद आहे. आम्हाला कोणतीच नाही.’ पार गप्प झाला. राज्याच्या महसुली उत्पन्नातला निम्म्याहून अधिक हिस्सा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवर जातो. उरलेल्यातून रस्ते, दवाखाने, पाणी. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्याला महिन्याला दीड हजार मिळतात. काडेपेटीपासून चपलेपर्यंत कर तोही भरतो. त्याचा प्रश्न खोडून काढता येत नाही.

पण मास्तराचा प्रश्नही खोडून काढता येत नाही. सगळ्यांत वाईट घडले ते तरुणपणी गेलेल्यांच्या घरी. जुन्या योजनेत नोकरीत असताना माणूस गेला तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. नव्या योजनेत चारपाच वर्षांत खात्यात जमणार तरी किती? माझ्या पुतण्याचा एक सहकारी असा गेला. पदरी दोन लहान मुले. खात्याचा हिशेब लागायलाच त्या माउलीला कित्येक फेऱ्या माराव्या लागल्या. पेशवाईतल्या बालपरवेशीत जे होते, ते एकविसाव्या शतकात सुटले होते. केंद्राने ही चूक २००९ मध्ये दुरुस्त केली. महाराष्ट्रात कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय व्हायला ३१ मार्च २०२३ उजाडला, म्हणजे संप मिटल्यानंतर अकरा दिवस. योजना बंद करणाऱ्यांनी म्हातारपण मोजले होते. अकाली मरण मोजायचे राहिले.

तारखेची भिंतही पुढे थोडी सरकली. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण जे नंतर रुजू झाले, त्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकवेळची मुभा जानेवारी २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने मिळाली. अशांची संख्या सुमारे सव्वीस हजार सांगण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सुधारित योजना जाहीर झाली, त्यात ठरावीक सेवेनंतर शेवटच्या वेतनाच्या निम्म्या पेन्शनचे आश्वासन पुन्हा आले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि कर्मचाऱ्याची वर्गणीही चालूच. म्हणजे जुने दार पूर्ण उघडले नाही, पण मधली खिडकी उघडली. वीस वर्षांनी सरकारनेच मान्य केले की सगळी अनिश्चितता एकट्या माणसाच्या डोक्यावर टाकता येत नाही. आणि कर्मचाऱ्यांनीही, निदान काहींनी, मान्य केले की वर्गणीशिवाय वचन टिकत नाही.

मला यातून एवढेच कळले. आजोबांना वचन गावाने दिले होते. अब्बांना सरकारने. पुतण्याला बाजाराने दिले, आणि बाजार वचन देत नाही, भाव सांगतो. प्रत्येक वेळी वचन बदलले, तेव्हा कारण होते. नुसत्या दुष्टपणाने काही झाले नाही. पण प्रत्येक वेळी ते ठरवताना ज्याला त्याचा फटका बसणार होता, तो बैठकीत नव्हता. वतन बंद होताना बलुतेदार नव्हता, आणि २००५ साली माझा पुतण्या डी.एड.ची परीक्षा देत होता. उद्या पुन्हा अशी तारीख ठरेल तेव्हा उंबरठ्याबाहेरच्यांसाठी, आणि त्या ऊसतोड मजुरासाठीही, कोणी तरी आत बसलेले असावे, एवढी अपेक्षा चूक आहे का?

यंदा नोव्हेंबरात बँकेच्या बाकावर बसून आईने पुतण्याला विचारले, ‘तुझी पेन्शन कुणाकडं असते रे?’ त्याने मोबाइल काढला आणि खात्यातला आकडा तिला दाखवला. आईने डोळे बारीक करून पाहिले. ‘काल किती होता?’ तो म्हणाला, ‘काल थोडा जास्त होता.’ आई काही बोलली नाही. तेवढ्यात साहेबांनी तिचे नाव पुकारले. ती उठली, पदराने अंगठा पुसला आणि हयात असल्याची खूण द्यायला काउंटरकडे गेली.